वाटे, सुकेळी आणि रंगवलेली भिंत

निर्मळहून नालासोपाऱ्याकडे जाताना एका रस्त्याला लांबलचक कुंपणभिंत लागते. मध्यंतरी ती रंगवली. गेरूसारखा तपकिरी रंग, त्यावर पांढऱ्या रेघांची वारली माणसं, मधोमध तारपा वाजवणारा, एका टोकाला ताडाचं झाड आणि वर ठळक अक्षरात स्वच्छतेची घोषणा. दिसायला भिंत छान आहे. लोक गाडी थांबवून फोटो काढतात. चार वर्षांपूर्वीपर्यंत याच भिंतीच्या जागी वई होती आणि वईच्या मागे केळीची वाडी होती. आता मागे डेब्रिजचा भराव आहे, वर रान माजलंय.

रंगवणारा पोरगा विशीतला होता. नालासोपारा पूर्वेला राहतो म्हणाला. मी विचारलं, "डिझाइन कुणाचं?" तर म्हणाला, "मोबाइलवर पाठवतात काका. आपण फक्त उतरवायचं. फुटावर पैसे." मग मी भिंतीच्या तळाशी बोट दाखवलं. तिथे नाचणाऱ्यांपासून जरा लांब, शेपटीत तोंड खुपसून बसलेलं एक कुत्रं काढलेलं होतं. "हे पण डिझाइनमध्ये होतं का?" पोरगा हसला. "नाही, ते रोज दुपारी इथंच येऊन झोपतं. टाकलं."

शेदोनशे फुटांच्या त्या भिंतीवर कुणी न सांगता केलेली गोष्ट एवढीच, ते कुत्रं. बाकी सगळं ऑर्डरचं. तेव्हापासून डोक्यात चाललंय ते आज लिहून काढतोय. लांब होणार आहे. वेळ असेल तरच वाचा.

आपल्याकडे कला म्हटलं की लगेच स्टेज डोळ्यासमोर येतो. वसईत दरवर्षी डिसेंबरच्या शेवटी कला-क्रीडा महोत्सव भरतो. हजारो पोरं नाचतात, गातात, चित्रं काढतात. चांगलंच आहे, माझा त्याला काही आक्षेप नाही. पण त्याच पोरांच्या घरात, वाडीत, नाक्यावर रोज जे घडत असतं त्याला आपण कला म्हणत नाही. त्याला 'काम' म्हणतो, आणि बाईने केलं असेल तर तेही म्हणत नाही.

वारलीचंच उदाहरण घ्या. आज तो आपल्या पालघर जिल्ह्याचा शिक्का झालाय. सरकारी इमारत, बसथांबा, रिसॉर्टची भिंत, सगळीकडे वारली. मुळात ही चित्रं लग्नघरात काढायची. सवाशिणी तांदळाच्या पिठाने कुडाच्या भिंतीवर लग्नचौक काढायच्या, चौकात पालघाट देवी. लग्न झालं की चित्राचं काम संपलं. कुणी खाली सही केली नाही, कुणी फ्रेम केली नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी या भागात आले, त्यांनी कागद दिला, आणि गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांची चित्रं जगापुढे आली. मशे खरोखर मोठे चित्रकार. त्यांनी मासेमारीची जाळी, मुंग्यांच्या रांगा, गावातली लगबग अशी काढली की बघत राहावं. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. त्यांच्या मोठेपणाबद्दल वाद नाहीच. पण एक गोष्ट बघा. चित्र भिंतीवर होतं तोवर ते बायकांचं काम होतं. ते कागदावर आलं, त्याला किंमत आली, आणि मग ज्यांची नावं झाली त्यांत बहुतेक पुरुष होते. भिंतीवर काढणाऱ्या त्या सवाशिणींपैकी किती जणींची नावं आपल्याला माहीत आहेत?

आता आमच्या नाक्यावर या.

वसईची भाजी घेऊन पहाटेच्या लोकलने बोरिवली-अंधेरी-दादरपर्यंत जाणाऱ्या लाल लुगड्यातल्या बाया जुन्या मुंबईकरांना आठवत असतील. त्या आता कमी झाल्या. पण इथे नाक्यावर सकाळी चारपाच जणी अजून बसतात. त्यांची मांडामांड बघायला मी मुद्दाम लवकर जातो. बायको म्हणते, भाजी आणायला दीड तास कुणाला लागतो!

आधी गोणपाट झटकून पसरायचं. त्यावर ओलं केलेलं फडकं. मग मागच्या बाजूला उंच गोष्टी: केळफुलं, पडवळ, दुधी. पुढे पालेभाजी. लाल माठाच्या शेजारी लाल काही येत नाही, तिथे मुळा येतो आणि मुळ्याचा पांढरा भाग गिऱ्हाइकाकडे. जुड्या बांधायला दोरा नाही, केळीच्या सोपाचा बंद. तो ओला असतो म्हणून भाजीला कापत नाही आणि सुकला की आपोआप आवळतो. मग वाटे. चार वांगी खाली, एक वर, देठ सगळ्यांचे एका दिशेला. किडकं असेल ते खाली जातं, तेही कौशल्यच समजा. एका वाट्यातलं वांगं विकून झालं की ती मागच्या टोपलीतून दुसरं काढून लगेच जागा भरते. अळूची पानं देठांसकट पाण्याच्या टोपात, फुलदाणीसारखी. त्यांच्यावर मधूनमधून पाण्याचा शिपका. थेंब पानावर गोळा होऊन पळतात. ते बघून गिऱ्हाईक थांबतं हे तिला माहीत आहे.

एका काकूंना मी एकदा विचारलं, "काकू, हे असंच का लावता? नुसतं ओतलं तरी विकलं जाईल की." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की हा माणूस बरा आहे ना. म्हणाल्या, "मग? दिसायला नको?"

या एवढ्या उत्तरात सगळं आलं असं मला वाटतं. धंद्याचा हिशेब त्यात आहेच, चांगलं दिसलं तर विकलं जातं. पण शेवटची जुडी उरलेली असते, ऊन डोक्यावर आलेलं असतं, रस्त्यावर चिटपाखरू नसतं, तेव्हाही ती जुडी सरळ करतात. ते गिऱ्हाइकासाठी नसतं. ते त्यांना स्वतःला वाकडं बघवत नाही म्हणून असतं.

हीच गोष्ट सुकेळ्यांची. वसईबाहेरच्या मित्रांसाठी सांगतो: सुकेळी म्हणजे सुकवलेली केळी. पण दुकानात पॅकेटात मिळतात ते चिप्स किंवा चकत्या डोळ्यासमोर आणू नका. अख्खं केळं सुकवायचं असतं, आणि ते राजेळीचंच लागतं. घड झाडावर पुरता तयार होऊ द्यायचा, मग कापून पिकवायचा. पिकल्यावर सोलून एकेक केळं बांबूच्या मांडवावर, गवत अंथरून, उन्हात. दिवसातून फिरवायचं. संध्याकाळी गोळा करून टोपलीत, केळीच्या सुक्या पानांत झाकून ठेवायचं, सकाळी पुन्हा उन्हात. आठवडाभर हेच. साखर नाही, मीठ नाही, औषध नाही. फक्त ऊन आणि हात. शेवटी ते मधाच्या रंगाचं होतं, बोटाला किंचित चिकटतं आणि मग सुक्या पानात गुंडाळून बांधतात.

यात कृती सांगता येते, पण सुकेळी करता येत नाहीत. कारण सगळं आहे ते 'आता पुरे' कधी म्हणायचं यात. आमच्या आजीचा अंगठा हेच मीटर होतं. केळं दाबायची आणि सांगायची, उद्या दुपारपर्यंत. ढग आले की तिचं जेवणात लक्ष नसायचं. एकदा ऐन आठव्या दिवशी पाऊस शिंपडून गेला, तर सगळा मांडव दोन मिनिटांत घरात घेतला, आणि मग रात्रभर ती दर थोड्या वेळाने उठून टोपल्यांचा वास घेत होती. वासावरून कळतं म्हणे, आंबलं की नाही. आज एखाद्या शेफने हे केलं तर त्याच्यावर माहितीपट निघेल.

कार्तिक वद्य एकादशीला निर्मळची जत्रा सुरू होते. त्याच दिवशी तिकडे आळंदीला ज्ञानोबांचा सोहळा असतो, इकडे आमच्याकडे शंकराचार्यांच्या समाधी मंदिराची यात्रा. तळ्याच्या काठाने दुकानं लागतात. हिंदू येतात, ख्रिस्ती येतात, मुसलमान येतात. होली क्रॉस चर्च जवळच. आमच्याकडे जत्रा ही कुणा एकाची कधी नव्हती. आमच्या लहानपणी जत्रेत भांडी, घोंगड्या, सुपं-टोपल्या, मिठाई आणि सुकेळी या पाच गोष्टींसाठी घरातून वेगवेगळे पैसे बाजूला काढलेले असायचे. आता सुकेळ्यांचं दुकान शोधावं लागतं. मिळतात तेव्हा गिऱ्हाईक भाव ऐकून म्हणतं, "केळ्याला एवढे?" आणि पुढे जाऊन त्याहून जास्त पैसे मोजून प्लॅस्टिकचं काहीतरी घेतं. असो.

सुकेळी का कमी झाली? पोरांना रस नाही, हे सोपं उत्तर सगळे देतात. मला ते पटत नाही. राजेळीला मुळातच घड यायला वेळ लागतो. वाडी विकली तर एका व्यवहारात जे मिळतं ते केळी लावून दोन पिढ्यांत मिळत नाही. आणि समजा वाडी टिकली, घड आला, तरी मांडव घालायचा कुठे? सुकेळ्यांना मोकळं अंगण लागतं, दिवसभराचं ऊन लागतं, आणि हवेत धूळ नको असते. शेजारी सात मजली इमारत उभी राहिली की दुपारी तीनला अंगणात सावली. समोरून भरावाचे डंपर जायला लागले की केळ्यावर लाल थर. रस गेला नाही हो, ऊन गेलं.

गाण्यांचंही तेच झालं. निर्मळ, आगाशी, भुईगाव, नंदाखाल, वटार या पट्ट्यात सामवेदी बोली बोलतात, तिला कादोडीही म्हणतात. सामवेदी ब्राह्मणही ती बोलतात आणि सामवेदी ख्रिस्तीही. देव वेगळे झाले, बोली एकच राहिली. या बोलीत लग्नाची गाणी आहेत, आणि ती म्हणायची पद्धत अशी की चाल ठरलेली, शब्द अर्धेच ठरलेले. उरलेले शब्द त्या मांडवात बसून जोडायचे. व्याही चिडका असेल तर तो गाण्यात यायचा, करवली फार मिरवत असेल तर ती यायची. मी लहानपणी बघितलंय, एका बाईने ओळ टाकली की दुसरी तिच्यावर कडी करायची आणि तिसरी हसत हसत पदर तोंडाला लावायची. त्यांतल्या बऱ्याच जणींना सही करता येत नव्हती. यमक मात्र चुकत नव्हतं.

बहिणाबाई चौधरींचं नाव इथे घ्यायलाच हवं. खानदेशातली, १८८० साली असोद्याला जन्मलेली, अक्षरओळख नसलेली बाई. शेतात, घरात, जात्यावर काम करता करता रचत होती. मुलगा सोपानदेव स्वतः कवी, म्हणून तिचं बोलणं त्याला कविता म्हणून ऐकू आलं आणि काही गाणी उतरवून घेतली गेली. ती १९५१ च्या डिसेंबरात गेली, १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने पुस्तक आलं. आपण म्हणतो, केवढी थोर कवयित्री! खरंच थोर. पण मला दुसराच विचार छळतो. घरात सोपानदेव नसता तर? कामात गुंतलेली एक म्हातारी, काहीबाही पुटपुटते, एवढंच उरलं असतं. आणि अशा घरात सोपानदेव नसलेल्या किती?

त्याचा थोडा अंदाज लागतो. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या दोघांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या गावागावांत जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. हजाराहून जास्त गावं आणि एक लाखाहून जास्त ओव्या! 'पारी' या संकेतस्थळावर आज त्यांतल्या ऐकायलाही मिळतात. एक लाख. आपल्या साहित्याच्या इतिहासात त्या बायकांना एखादा परिच्छेद मिळतो.

पण मला इथे एक खोच काढायची आहे, नाहीतर हे सगळं 'आमच्या वेळी कसं छान होतं' या वळणावर जाईल. जातं गेलं ते बरं झालं. पहाटे तीनला उठून दहा माणसांचं पीठ दळणं यात काही काव्य नव्हतं. काव्य त्या बायकांनी त्यात घातलं, कारण नाहीतर ते काम माणसाला खाऊन टाकतं. आमच्या आजीला गिरणी आली तेव्हा झालेला आनंद मी ऐकलेला आहे, तिने जात्याला एकदाही परत बोलावलं नाही. म्हणून 'जुनी कामं टिकवा म्हणजे कला टिकेल' असं म्हणणाऱ्या माणसाला आधी एक पायली दळायला बसवावं.

मग टिकवायचं काय?

याचं उत्तर मला नालासोपारा पूर्वेला एका चाळीत मिळालं. कामानिमित्त गेलो होतो. दहा बाय बाराच्या खोलीत तीन बाया खाली बसून इमिटेशन ज्वेलरी ओवत होत्या. खडे, मणी, बारीक तार. हात एवढे चपळ की बघताना मला चक्कर आली. डझनावर पैसे. नाक्यावरच्या काकूंपेक्षा या हातांत कौशल्य तिळभरही कमी नाही, उलट जास्तच. पण कोणता खडा कुठे, हे त्या ठरवत नाहीत. नमुना येतो, तसाच करायचा, एक खडा इकडचा तिकडे झाला तर पीस परत आणि पैसे कापले. मी विचारलं, "यातला एखादा तुमच्या मनाने कधी केला का?" एकीने कपाटावरून एक डबी काढली. त्यात तुटक्या, नापास झालेल्या मण्यांची एक माळ होती, मुलीसाठी केलेली. निळे, हिरवे, मध्येच एक मोठा पांढरा. बाजारात कुणी घेणार नाही अशी, आणि खोलीतली सगळ्यात सुंदर वस्तू.

म्हणजे प्रश्न कौशल्याचा नाही आणि जुन्या-नव्याचाही नाही. काम करणाऱ्याला स्वतःच्या मनाने एक तरी गोष्ट ठरवायला मिळते का, हा आहे. भाजीवालीला मिळते. सुकेळी करणारीला मिळते. लग्नात गाणारीला मिळत होती. भिंत रंगवणाऱ्या पोराला कुत्र्यापुरती मिळाली, तीही चोरून. वसई-विरारची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच १२ लाखांवर होती, आता किती असेल ते ट्रेनमध्ये चढताना कळतंच. यांतली बहुतेक माणसं पहाटे निघून रात्री येतात. दिवसभरात मनासारखं काय ठरवतात? डब्यात भाजी कुठली, एवढंच. आणि तेसुद्धा घरातली बाई ठरवते.

नालासोपारा पश्चिमेला स्तूप आहे, सगळ्यांना माहीत आहे. निदान रिक्षावाल्याला तरी. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथला विटांचा ढिगारा खणला. मधोमध दगडी पेटी निघाली. पेटीत तांब्याचा करंडक, भोवती ब्राँझच्या आठ मूर्ती. तांब्याच्या आत चांदीचा करंडक, त्याच्या आत दगडाचा, त्याच्या आत स्फटिकाचा, आणि स्फटिकाच्या आत सोन्याचा. सोबत सोन्याच्या पत्र्याची फुलं. आणि त्या सगळ्यात आतल्या सोन्याच्या डबीत काय असावं? मातीच्या भांड्याच्या तेरा बारीक खापऱ्या. बुद्धाच्या भिक्षापात्राच्या म्हणून जपलेल्या. जेवायच्या रोजच्या भांड्याचे तुकडे! हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे.

त्याहून मला आवडतं ते त्या ढिगाऱ्याचं गावातलं नाव. उत्खननाच्या आधी लोक त्याला 'बुरूड राजाचा कोट' म्हणत. बुद्ध विसरला गेला होता, अशोक विसरला गेला होता. एवढी मोठी टेकडी कुणाची, म्हणून लोकांनी आपल्या मनाने एक राजा तयार केला आणि त्याला टोपल्या विणायला बसवलं. राजा होता तर लढवय्या असेल, सोनं वाटत असेल असं त्यांना सुचलं नाही. ज्याच्या टोपलीशिवाय आमच्या वाडीतली भाजी बाजारात जात नाही, तो बुरूडच त्यांना राजा व्हायच्या लायकीचा वाटला. या एका नावात आमच्या पट्ट्याचं सगळं सौंदर्यशास्त्र आहे असं मी म्हणेन. हसलात तरी चालेल.

आता जरा सार्वजनिक बोलतो, कारण ही पोस्ट नुसती हळहळ व्यक्त करायला लिहिलेली नाही.

२००९ साली महापालिका झाली, तेव्हापासून गावं आत की बाहेर यावर रस्त्यावर आणि कोर्टात भांडून झालं. ते आज उकरत नाही. आपण आत आहोत असं धरूनच बोलू. शहरात कलेसाठी काही करा म्हटलं की नाट्यगृह, सभागृह, महोत्सव, शिल्प, रंगवलेली भिंत ही यादी येते. नाट्यगृह हवंच. पण वर जे सांगितलं त्यातलं काहीच सभागृहात होत नाही. ते अंगणात होतं, ओट्यावर होतं, नाक्याच्या कडेला गोणपाटावर होतं, बावखलाच्या काठावर होतं. आणि नकाशात या जागांना नाव नसतं.

बावखल बाहेरच्यांना माहीत नसेल. वाडीसाठी पूर्वजांनी खणलेलं गोड्या पाण्याचं तळं. पावसाचं पाणी साठवायचं, आजूबाजूच्या विहिरींना ते झिरपायचं, समुद्र इतका जवळ असून पाणी खारट व्हायचं नाही. कुठलं बावखल किती खोल, उतार कुठून, काठाला कोणतं झाड, हे सगळं कुणी इंजिनियर न बोलावता ठरलं. आमच्या बावखलाची माती घराच्या जोत्यात गेली, असं आजी सांगायची. म्हणजे खड्डा पाण्याला आणि ढीग घराला. काही ठिकाणी गावातली तरुण पोरं आता ही बावखलं शोधून, साफ करून, कागदावर नोंदवायला लागली आहेत, हे फार चांगलं काम आहे. कारण बुजवताना कुणी विचारत नाही. रात्री दोन डंपर येतात, सकाळी तिथे सपाट जमीन असते, आणि जमिनीभोवती भिंत. भिंत मग रंगवता येते.

१९८० च्या दशकाच्या शेवटी हरित वसईसाठी लोक रस्त्यावर आले तेव्हा मागणी झाडांची, पाण्याची, जमिनीची होती. त्या लढ्याचे नेते फादर फ्रान्सिस दिब्रिटो, जवळच्याच नंदाखालचे. 'सुवार्ता' मासिक त्यांनी अनेक वर्षं चालवलं, आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २५ जुलै २०२४ ला ते गेले. पाण्यासाठी भांडणारा माणूस आणि मराठीत लिहिणारा माणूस एकच होता, हा मला योगायोग वाटत नाही. जी विहीर खारट होते तिच्या काठावरचे शब्दही जातात. रहाट, पोहरा, पाट, वई. आमच्या पोरांना यांतला एक शब्द चित्र दाखवून शिकवावा लागतो.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. रस्ता रुंद करताना नाक्यावर भाजीवाल्यांना सावलीची सहा फूट जागा ठेवा, उठवून तिसऱ्या गल्लीत घालवू नका. तिथे मांडलेला माल बघायला माणूस चालत जात नाही. बावखलाची नोंद झाल्याशिवाय भरावाला हात लावू देऊ नका. जत्रेत सुकेळी, टोपल्या, सुपं स्वतः करून विकणाऱ्यांना जागाभाडं माफ करा, एक रांगच द्या त्यांना. आणि भिंती रंगवायच्याच असतील तर डिझाइन मोबाइलवर पाठवू नका. त्या पोराला रंग द्या आणि सांगा, या रस्त्यावर तुला जे दिसतं ते काढ. वाईट निघेल कदाचित. निघू दे, दुसऱ्या वर्षी पुसून परत काढेल. आमच्या बायका अंगणातली रांगोळी रोजच पुसतात.

"हे सगळं परवडतं का?" असं कुणीतरी लिहिणार, मला माहीत आहे. सहा फूट सावली परवडत नसेल तर मग काही बोलायचं नाही.

निराश व्हायचं कारणही नाही. डिसेंबरात वसईच्या गावागावांत नाताळचे गोठे होतात ते बघायला या. रात्र रात्र जागून पोरं बांबू, पेंढा, गोणपाट, माती घेऊन बसतात. कुणी येशूजन्माच्या शेजारी आपल्या गावची विहीर करतं, कुणी बैलगाडी, कुणी भरावाचा डंपर पण ठेवतं. कुणी ऑर्डर दिलेली नसते. कोण किती वेळ जागतंय याचा हिशेब नसतो. त्याच पोरांपैकी काही जण सामवेदी बोलीत रील करतात, आजीला समोर बसवून तिच्याकडून शिव्या आणि म्हणी वदवून घेतात. लाखांत बघितली जातात. आजी सुपरस्टार. हा नवा सोपानदेवच म्हणायचा, फोन हातात घेतलेला.

त्यावरून शेवटचं एक काम सांगतो. ज्यांच्या घरी लग्नाची गाणी येणारी आजी, काकू, आत्या आहे त्यांनी या दिवाळीच्या सुट्टीत बसून ती रेकॉर्ड करा. आधी तिला विचारा, नाही म्हणाली तर नाही. हो म्हणाली तर एकटीला बसवू नका. तिच्या वयाच्या आणखी दोघी बोलवा, नाहीतर ओळी सुचत नाहीत. गाणं कुणाकडून आलं, कोणत्या गावचं, ते शेवटी तिच्याच आवाजात वदवून घ्या, आणि नाव तिचंच लिहा, "पारंपरिक" असं लिहून मोकळे होऊ नका. आणि हो, पंखा बंद करा. मागच्या वेळी एका पोराने पाठवलेल्या रेकॉर्डिंगमध्ये पाऊण तास नुसता पंखाच गातोय.